मोर शराटी, एक

माझ्या जावेचे कान तिखट आहेत, हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं आणि सगळ्यांत जास्त मलाच खुपलं.

तोवर पाखरं ही आमच्या घरात माझी एकटीची गोष्ट होती. मी शाळेत विज्ञान शिकवते. एकदा मुलांना घेऊन हिप्परग्याच्या तलावावर गेले होते. तिथे एक निवृत्त प्राध्यापक भेटले आणि त्यांनी आपल्या दुर्बिणीतून मला शेकाट्या दाखवला. लांबच लांब गुलाबी पाय, वर काळं-पांढरं अंग, आणि चालणं असं की त्याला पाण्याची किळसच येत असावी. त्या दिवसापासून माझे रविवार गेले. नवरा म्हणायचा, "निघाली पाखरांची हजेरी घ्यायला." सासूबाई शेजारणींना सांगायच्या, आमची सून सुट्टीच्या दिवशी चिखल बघायला जाते. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट बरंच वाटायचं. ज्या गोष्टीला घर हसतं तिच्यात कुणी वाटा मागायला येत नाही.

अकरा वर्षं मी वही ठेवली. तारीख, जागा, पाखरू, किती दिसली. टिटवी, तुतवार, चिखल्या, पाणलावा, अशी काठावरच्या चिखलात पोट भरणारी सगळी मंडळी मला नुसत्या चालीवरून ओळखू यायला लागली. राहिला होता तो एकच, कर्ल्यू. पुस्तकात त्याला मराठी नावं आहेत, पण सरांच्या भोवती जमलेल्या आमच्या पाखरं बघणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये सगळे कर्ल्यूच म्हणतात. कोंबडीएवढं तपकिरी, रेघारेघांचं अंग आणि खाली वाकत गेलेली चोच, एवढ्याशा डोक्याला ती पेलते कशी असं वाटावं इतकी लांब. हिवाळ्यात तो उत्तरेकडून येतो. समुद्राकाठी पुष्कळ, आमच्याकडे क्वचित. उजनीच्या पाण्यावर तो इतरांना दिसायचा. मी गेले की नसायचा, मी घरी पोचले की ग्रुपवर फोटो यायचे. मी खाली अभिनंदन लिहायचे आणि फोन पालथा ठेवायचे.

जाऊ सांगोल्याकडची. माहेरी मेंढरं, कोरडवाहू जमीन, आणि दहावीपर्यंत शाळा. दीर चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहेत. लग्न झाल्यावर त्यांचा संसार शुक्रवार पेठेतल्या आमच्याच घरात, वरच्या खोलीत थाटला. ती मला अक्का म्हणते. आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. मग मला तलावावर नेऊन सोडणाऱ्या नवऱ्याची कंबर धरली आणि त्याने गाडी चालवणं सोडलं. मला गाडी येत नाही, तिला येत होती.

"मी सोडते की अक्का तुमाला," ती म्हणाली. "मला बी जरा वारं लागंल."

नाही म्हणायला मला काही कारण सापडलं नाही.

पहिल्याच रविवारी तलावाच्या अलीकडच्या माळावर तिने गाडी थांबवली. मला वाटलं पंक्चर. तिने हात लांब करून बोट दाखवलं. "अक्का, त्यो दगुड न्हाय. पाखरू हाय." मी दुर्बीण लावली, फिरवली, पुन्हा फिरवली. बऱ्याच वेळाने त्या दगडाला पिवळा डोळा दिसला. करवानक होता, माळावर दिवसभर गप्प बसून राहणारा. त्याच जागेवरून मी किती वर्षं गेले-आले होते कोण जाणे.

"तुला कसा दिसला?"

"आमच्याकडं लई हायेत की. मेंढरं बसवली की सांजचं वरडायचे. दिसायचे न्हाईत, पर बसलेत कुटं ते कळायचं."

मी वहीत लिहिलं, करवानक, एक. कुणी दाखवला ते लिहायला वहीत रकाना नव्हता, आणि नव्हता याचं मला बरं वाटलं.

पुढच्या रविवारपासून ती खाली थांबेना, माझ्याबरोबर बांधावर यायला लागली. दुर्बीण न लावता ती आधी ऐकायची. मान जराशी तिरकी करायची आणि म्हणायची, "तितं कायतरी येगळं बोलतंय." आणि तिथे असायचंच. प्राध्यापक सर तिच्यावर फार खूश. एवढ्या वर्षांत मला त्यांनी "बरोबर" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. तिला म्हणाले, "असे कान शिकवून येत नसतात." शनिवारी ग्रुपवर कुणी ना कुणी विचारायला लागलं, उद्या मॅडमच्या जाऊबाई येणार का? मॅडम येणार का, हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं. मॅडम तर येणारच, मॅडमला गाडीवर मागे बसवून आणणारी आली म्हणजे झालं.

माझ्या पोटात दुखायचं. ते मी कुणाला दाखवलं नाही, पण जिथे जमेल तिथे वसूल केलं. घरात दोन दुर्बिणी होत्या. तिला मी जुनी द्यायचे, जिच्या एका भिंगात आतून बुरशी चढली होती. ती नाव चुकली की सगळ्यांसमोर सुधारायचे आणि बरोबर सांगितलं की ऐकलं न ऐकलं करायचे. डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र तिने केलेली असायची आणि ती मी आनंदाने खायचे.

जानेवारीतला रविवार होता. ग्रुपमधली माणसं बांधावर पांगली होती. आम्ही दोघी पार टोकाला, जिथे पाणी ओसरून काळा चिखल उघडा पडतो तिथे बसलो होतो. ऊन आमच्या पाठीवर होतं. जावेने मान तिरकी केली.

"अक्का, ह्यो कोण? असलं मी कंदी ऐकलं न्हाय."

मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आलं. लांबून, खालून वर चढत जाणारी शीळ, शेवटी थोडी थरथरणारी. तो आवाज मी फोनवर शेकडो वेळा ऐकला होता. पाण्यावरून एक मोठं तपकिरी पाखरू आलं, उतरताना त्याच्या पाठीवरचा पांढरा पट्टा उघडला, आणि आमच्यापासून फार तर दोन बैलगाड्यांच्या अंतरावर ते चिखलात उभं राहिलं. चार पावलं टाकली. ती चोच मुळापर्यंत चिखलात घातली, जरा फिरवली, खेकड्याचं पिल्लू बाहेर काढलं, त्याचे पाय झटकून तोडले आणि गिळलं. अकरा वर्षं मी ज्याची वाट बघितली तो माझ्यासमोर जेवत होता. मिनिटभर असेल. मग बांधावरून कुत्रं आलं आणि तो तीच शीळ घालत निघून गेला.

मला रडू यायचं बाकी होतं. ते आलं असतं तर पुढचं झालं नसतं. पण तेवढ्यात सर भरभर चालत आमच्याकडे आले. त्यांनी लांबून काहीतरी उडताना पाहिलं होतं, काय ते कळलं नव्हतं. आणि जावेने तोंड उघडलं. किती मोठा, कसा रंग, चोच कुठून वाकते, पाठीवर पांढरं कुठवर, आणि शेवटी तिने ती शीळ तशीच्या तशी घालून दाखवली. सरांचा चेहरा बदलला.

"कर्ल्यू," ते म्हणाले. "अहो, या तलावावर त्याची नोंद नाही कुणाची. पहिली ठरेल ही, तुमच्या नावावर."

आमच्या ग्रुपचा एक नियम आहे. दुर्मीळ पाखराचा फोटो नसेल तर दोघांनी बघितलेलं असावं लागतं आणि त्यातलं एक जुनं माणूस असावं लागतं. नाव लागतं ते ज्याने आधी दाखवला त्याचं. सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हीही पाहिलात ना?"

अकरा वर्षं माझी आणि नाव हिचं. त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं, दुसरं काही नव्हतं.

"मोर शराटी होता, सर," मी म्हणाले. "उन्हात तसाच तपकिरी दिसतो. मीसुद्धा क्षणभर फसले."

मोर शराटीची चोचही वाकडी असते, आणि तो आमच्याकडे ढिगाने दिसतो. नवीन माणसं त्यालाच कर्ल्यू समजून नाचतात, हे सरांना चांगलं माहीत होतं. ते समजुतीने हसले. पुस्तक काढून त्यांनी तिला दोन्ही चित्रं दाखवली आणि यात लाजण्यासारखं काही नाही असंही सांगितलं. शिळेचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या शब्दापुढे तिच्या शिळेचं काही चाललं नाही. जाऊ चित्रांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"व्हय," ती म्हणाली. "अक्का म्हंत्यात तर तसंच आसंल."

घरी येऊन वही उघडली आणि तेव्हा मला कळलं मी काय करून बसले ते. कर्ल्यू लिहिलं तर मी खोटी. सरांना माझ्या वह्या बघायची सवय होती, वर्षअखेरीला त्यांच्याकडेच जायच्या. मी लिहिलं, मोर शराटी, एक. तिचं पाखरू काढून घ्यायला गेले आणि माझंही तिथेच सोडून आले.

त्यानंतर मी उरलेला हिवाळा दर रविवारी त्या टोकाला जाऊन बसले. परत दिसला तर मी एकटी दाखवीन, माझ्या नावावर लावीन, आणि सगळं सरळ होईल असं मला वाटत होतं. तो दिसला नाही. जाऊ मला नेत होती, आणत होती. फक्त बोट दाखवायची बंद झाली. टिटवी दिसली तरी मला विचारायची, "अक्का, ह्यो कोण?" जिला डोळे मिटून टिटवी कळते ती. ग्रुपवर तिची चौकशी कमी झाली. मला आनंद झाला, हेही सांगून टाकते. छान मोठा आनंद झाला.

पुढच्या वर्षी जानेवारीत पुण्याहून आलेल्या काही लोकांना हिप्परग्यावर कर्ल्यू मिळाला. त्याच चिखलात, फोटोसकट. ग्रुप नुसता पेटला. तलावावरची पहिली नोंद म्हणून सरांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. जाऊ खाली आली, समोर बसली, आपला फोन माझ्यापुढे धरला.

"अक्का, ह्यो बगा. गेल्या साली आपल्याला दिसलेला."

"अगं, तो मोर शराटी होता," मी म्हणाले. वर्षभर म्हणून म्हणून ते तोंडात बसलं होतं.

तिने एक जुडी आपल्याकडे ओढली आणि पानं खुडायला लागली. "त्यो उतरला तवा तुमी माजा दंड धरला हुता. वळ उठला हुता दोन दिस. शराटी तर रोजच दिसतोय. त्येला बघून कोण कुणाचा दंड धरतंय?"

मला आठवत नव्हतं. पण ती खोटं बोलत नाही.

"तेव्हाच का नाही बोललीस सरांसमोर?"

"तुमी घरच्या. सर भाईरचे."

मी हातातली मेथी खाली ठेवली. म्हणाले, आत्ता लिहिते ग्रुपवर. गेल्या वर्षी तुला दिसला होता, मला माहीत होतं, मी खोटं बोलले.

"नगा लिवू," ती म्हणाली. "आज येक खोटं म्हटलं की समदी तुमच्या अकरा वर्साच्या वह्या उकलून बसतील. ह्ये खरं का, त्ये खरं का. आन् मला नाव काय करायचंय? मी बघितला त्येला. माजा मला दिसला." मग तिने विचारलं, आणि त्यात टोचून बोलण्याचा सूर नव्हता, खरंच विचारलं. "तुमच्या वहीत काय लिवलंय?"

"मोर शराटी."

"मंग तुमाला आजून दिसलाच न्हाय की, अक्का."

ती मेथी घेऊन धुवायला उठली. मी फोन हातात घेतला, ग्रुप उघडला, आणि पुण्याच्या त्या फोटोखाली अभिनंदन लिहिलं. नको लिहू म्हणाली म्हणून मी लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे ती नको म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्याच वेळी पुन्हा तिचाच हेवा वाटला. एवढं माहीत असून वर्षभर ती मला मागे बसवून नेत राहिली, हे माझ्याच्याने झालं नसतं.

आता ती रविवारी येत नाही. भांडण नाही, मूल झालंय, ते लहान आहे म्हणते. मी रिक्षाने जाते. आणि हे सगळं कागदावर उतरवायला बसले ते तिचं तिला द्यावं म्हणून. पहिल्यापासून वाचून पाहिलं. माझी अकरा वर्षं आली आहेत, माझी वही आली आहे, माझा पश्चात्तापही बऱ्यापैकी आला आहे. तिचं नाव कुठेच आलेलं नाही. पेन हातात आहे, वर जागाही आहे, आणि मी ते अजून घातलेलं नाही.