शेवटची चार बोटं

सेबेरीनाचा जन्म अँडीजच्या डोंगरात मागावर गेला, आणि प्रत्येक कापडाच्या शेवटच्या चार बोटांनी तिला रडवलं. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, कापायचा नाही, कापलं की कापड मरतं, ही तिथली रीत. म्हणून पार टोकापर्यंत विणायचं, आणि शेवटी मागाची काठी शिरायला जागा उरत नाही. मग सुईनं एकेक धागा ओवायचा. तिथे नक्षीतले पक्षी चेपतातच.

"आई, कापून टाका की ते टोक!" सून म्हणाली.

"आधी तुझी जीभ काप!"

डोळे फोडून घेत सेबेरीनानं हातातली शाल पुरी केली. नवऱ्यानं, एवारिस्तोनं, ती उलगडून पाहिली. "छान झालीय गं. पण हे शेवटचे पक्षी घाईत उरकलेस होय?"

सेबेरीनानं सुई त्याच्या हातात कोंबली. "घे. पुढच्या शालीचे तू उरक घाईत."