आईंचा रविवारचा सत्संग

आज आईंना जाऊन वर्ष झालं. आता सांगून टाकते.

आई रविवारी सत्संगाला जात नव्हत्या.

मामेसासूबाई, तुम्हीही ही पोस्ट वाचणार, तर बसून वाचा.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मी नाशिकची, बँकेच्या नोकरीत. लग्नानंतर ट्रान्सफर घेऊन जबलपूरला आले, नेपियर टाउनच्या घरी. पहिले काही महिने आमचं बोलणं म्हणजे "चहा ठेवू?" आणि "ठेव."

एका रविवारी मी सहज म्हटलं, "आई, भेडाघाटला जाऊ या का?"

त्या भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाहुणे आले की भेडाघाट. लग्न झाल्यापासून मी तिथं पिशव्या सांभाळून राहिली. बोटीत एकदाही नाही बसली. सगळ्यांच्या चपला कोण पाहील?"

मग सुरी खाली ठेवली.

"दुसरं काही असंन तर सांग."

पुढच्या रविवारी त्यांनी बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगितलं की सत्संग आहे, नंतर भंडारा आहे, सूनबाई सोडून देते.

बाबा खूश. सून धार्मिक निघाली.

आम्ही माझ्या स्कूटरवरून थेट कुंडमला. आई एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, डोक्यावर हेल्मेट, आणि हेल्मेटवरून पदर.

"आई, पदर कशाला?"

"कोणी ओळखलं तर?"

मैलभर अंतरावरूनही ओळखलं असतं. रस्त्यावर तसं ध्यान दुसरं नव्हतं.

कुंडममध्ये हिरन नदीचा उगम आहे. आईंनी ती बारीकशी धार बराच वेळ पाहिली.

"एवढीशी? अन् ही नर्मदेपर्यंत जाते?"

"हो."

"काय हिंमत आहे बाई."

परत येताना त्यांनी दुकानातून बताशे घेतले. घरी आल्यावर बाबांच्या हातावर ठेवले. प्रसाद.

बाबांनी डोळ्यांना लावून खाल्ले. मी किचनमध्ये जाऊन नळ सोडला आणि हसून घेतलं.

मग दर रविवारी हेच. कधी मोठाल्या काळ्या शिळा, कधी साजाच्या झाडांचं जंगल, कधी नुसता नाला. आई रस्त्यात भेटेल त्याला थांबवून विचारायच्या, "भैया, इधर देखने लायक क्या है?"

एकदा एकाने फार विचार करून सांगितलं, "दीदी, हमारी भैंस।"

आईंनी ती पण पाहिली. चांगली आहे म्हणाल्या.

असं करत आम्ही एका रविवारी जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत पोचलो. पुढे डिंडोरी जिल्हा. तिथे खाली उतरून एक झरा आहे असं कळलं. आईंनी साडी खोचली आणि माझ्या आधी निघाल्या.

पाण्यात पाय टाकला आणि घसरल्या.

घोटा असा सुजला की उभं राहता येईना. स्कूटरवर बसणं शक्यच नव्हतं.

"आई, बाबांना फोन करते."

"नको. थोडं थांबू. बरं होऊन जाईन."

"नाही होणार."

त्यांनी सुजलेल्या घोट्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "आता बंद होईन न आपलं?"

तोपर्यंत मला वाटत होतं की ही आमची गंमत आहे. त्यांचा चेहरा पाहून कळलं की त्यांच्यासाठी ती गंमत नव्हती.

रस्त्यावर चढून, रेंज शोधून, मी फोन केला.

बाबा कार घेऊन आले. सोबत अमोल, माझा नवरा, घाबरलेला. बाबा पॉलिश केलेल्या बुटांत ती पायवाट उतरले. आई दगडावर बसून, सुजलेला पाय पाण्यात सोडून, चिवडा खात होत्या.

"काय करून राहिली तू इथं?"

"बसून राहिली."

"लोकं काय म्हणतील?"

आईंनी आजूबाजूला पाहिलं. "कोणते?"

बाबा रागाने दोन पावलं पुढे आले आणि बुटांसकट धपकन पाण्यात बसले. कमरेपर्यंत.

अमोल धावला. बाबांनी हाताने थांबवलं. "राहू दे."

आम्ही कोणीच हसलो नाही. फार कठीण गेलं.

बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "थंड आहे पाणी."

"हो न," आई म्हणाल्या आणि चिवड्याची पुडी पुढे केली.

बाबांनी मूठभर घेतला. खाता खाता थांबले. "अन् ते बताशे?"

"कुंडमचे."

बाबांनी डोळे मिटले. सगळे प्रसाद आठवत असावेत.

आईंना उचलून वर आणलं ते मात्र बाबांनीच. अमोलला हात लावू दिला नाही.

महिनाभर आईंचा पाय उशीवर होता. स्कूटरचा विषय घरात कोणी काढला नाही. मग एका रविवारी बाबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "आज सत्संग नाही का?"

आई उठून साडी बदलायला गेल्या.

बाबांनी नंतर कारने नेतो म्हणून पाहिलं. आई नाही म्हणाल्या. "गाडीत ह्यांचं भाषण ऐकावं लागते. स्कूटरवर वारा काही ऐकू देत नाही."

गेल्या वर्षी त्या झोपेतच गेल्या. कुंडमच्या पलीकडे वरून सपाट असलेला एक डोंगर आहे, तो तेवढा चढायचा राहिला.

आज सकाळी घरातली पूजा आटोपली. गुरुजी गेले. बाबा बूट घालून दारात उभे. "चल."

"कार काढायला सांगू?"

"नको."

सत्तरी ओलांडलेला माणूस माझ्या मागे बसून कुंडमच्या पुढे आला. वारा खरंच काही ऐकू देत नव्हता, तरी बाबा बोलतच होते.

डोंगराखाली उभं राहून त्यांनी वर पाहिलं.

"तिला नसतं जमलं. फार चढ आहे."

मी हेल्मेट काढून आरशाला अडकवलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "चढली असती पण."

मग आम्ही दोघं चढायला लागलो.

आई, तुमची फार आठवण येते. नमस्कार करते.