मार्थाचा शब्द

बाळ हळदीसारखं पिवळं पडलं होतं आणि कमल ते कुणाच्याही हाती द्यायला तयार नव्हती.

कमल खुलताबादकडच्या एका वस्तीवरची. घरी मेंढरं, पहिलंच बाळंतपण. मी तेव्हा शहरातल्या एका मिशनच्या दवाखान्यात मॅटर्निटी वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते. नवजात बाळाला कावीळ होणं नवलाचं नाही. निळ्या दिव्याखाली ठेवलं की बहुतेक बाळं बरी होतात, त्याला फोटोथेरपी म्हणतात. पण कावीळ फार चढली तर मेंदूला इजा होते. कमलचं बाळ त्याच वाटेवर होतं.

आईचा आजार वेगळा होता. बाळंतपणानंतर काही बायकांची झोप उडते, भास होतात, घरचेसुद्धा वैरी वाटायला लागतात. कमलला वाटत होतं, आम्ही बाळ पळवणार. ती कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली होती, बाळ छातीशी आवळून. हिसकावून घ्यावं तर बाळालाच लागायचं. डॉक्टर तिला शांत करायचं इंजेक्शन भरून दारात उभे होते.

सासूच्या मते ही बाहेरची बाधा होती. गावच्या देवऋषीचा अंगारा लावून झाला, दर्ग्याचा धागा बांधून झाला. मग तिनं कमलच्या भावाला बोलावलं. हा संतोष बजाजनगरात राहायचा, कंपनीत कामाला. त्याच्या शेजारी येशूच्या प्रार्थनेची मीटिंग भरायची. तिथं एक बाई बरी झालेली त्यानं पाहिली होती. तिथले शब्द पाठ करून आणि तिथल्याच मंतरलेल्या तेलाची बाटली घेऊन तो आला.

"सिस्टर, तुमच्याच देवाचं हाय. तुम्ही तरी अडवू नका."

"दोन मिनिटं," मी म्हणाले. "आणि बाळाच्या अंगावर तेल पडता कामा नये."

त्यानं फरशीवर तेल शिंपडलं, हात उगारला आणि ओरडला, "येशूच्या नावानं हुकूम करतो! सोड हिला! निघ!"

कमलनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. "तू हुकूम करणार व्हय? आई खाटंवर पडली व्हती तवा कुठं व्हतास? तुला इथं वळखतंय कोण?"

संतोषनं तेच पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. बाळ किंचाळायला लागलं. कमलनं बाटली लाथाडली. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

तेवढ्यात मार्था ड्यूटीवर आली. मार्था चितेगावची, माझ्या हाताखाली तयार झालेली स्टाफ नर्स. तिनं कधी कुणाला धर्माचा उपदेश केला नाही. पण ड्यूटीवर आली की प्रत्येक खाटेपाशी क्षणभर थांबायची, त्या बाईचं नाव घेऊन मनातल्या मनात देवाकडं मागायची आणि मग कामाला लागायची. आदल्या दिवशी कमल तिच्या हाताला कडकडून चावली होती. मार्थानं पट्टी बांधली आणि परत येऊन कमलची वेणी घातली.

"मॅडम, मी जाऊ आत?"

"जा. पण सांभाळून."

ती कमलपासून हातभर अंतरावर खाली बसली. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही.

"कमल, मी मार्था. येशूच्या नावानं सांगते, आता भिऊ नकोस. बाळ दे माझ्याकडं."

एवढंच. ती विनवणी नव्हती. नोकरीत मी मोठमोठ्या सर्जनचे हुकूम ऐकलेत, पण इतकी खात्री क्वचितच ऐकली. कमलचे खांदे सैल पडले.

"परत देशील?" तिनं विचारलं.

"दूध पाजायला तुझ्याच कुशीत आणीन."

कमलनं बाळ दिलं. मग इंजेक्शनसाठी दंडही पुढं केला.

बाळ दिव्याखाली गेलं आणि निभावलं. कमलला मानसोपचाराच्या डॉक्टरांचे उपचार सुरू झाले आणि काही आठवड्यांनी ती बाळाला घेऊन घरी गेली. ती औषधानं बरी झाली, हे मी ठासून सांगते. औषधापर्यंत तिला कुणी आणलं, हेही ठासूनच सांगते.

त्या दिवशी संतोष मात्र व्हरांड्यात चिडून उभा होता. "हिनं बी तेच म्हनलं की! मी काय येगळं म्हनलो?"

मार्था हात धूत होती. "भाऊ, मी येशूशी रोज बोलते. तुम्ही कधी बोलता का?"

"मला कुठं ठावं हाय त्यो?"

"मग त्याच्या नावानं हुकूम कसा सोडलात?"

त्यानं मान खाली घातली. "आता काय करू म्हंता?"

"आत जा. बहिणीजवळ बसा. काही म्हणू नका."

तो गेला. संध्याकाळपर्यंत तिच्या पायाशी बसून राहिला.

पुढं नव्या नर्सेस मला विचारायच्या, मार्थाची ती प्रार्थना कोणती? मी म्हणायचे, प्रार्थना कुणालाही पाठ करता येते. ज्याच्याकडं मागायचं त्याच्याशी ओळख मात्र ज्याची त्यानंच करून घ्यायची असते. मार्थाला सुई टोचायला मी शिकवलं, चादर अंथरायला शिकवलं. हे काही मी शिकवलेलं नाही. तरी मिरवते मीच.