सोल्वीकची सून

चिमामावशी लोणावळ्याच्या बंगल्यांवर रानमेवा विकायला जायची, तेव्हा टोपली खाली ठेवण्याआधी गोऱ्या साहेबाच्या तोंडाकडे बघून एकच शब्द विचारायची, "सोल्वीक?" साहेबांना वाटायचं, हे टोपलीतल्याच कुठल्याशा फळाचं नाव असणार. कुणी मान हलवून नको म्हणायचा, कुणी थोडे दे म्हणायचा. एका मडमेनं तर जांभळांनाच सोल्वीक म्हणायला सुरुवात केली होती. मावशी कुणाची चूक दुरुस्त करत नसे. जे मागितलं ते मापून द्यायची, टोपली डोक्यावर घ्यायची आणि पुढच्या बंगल्याकडे वळायची.

मी लोणावळ्याला आले ती लग्न होऊन. यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि मी मुलींच्या शाळेत शिकवत असे. आमच्या चाळीत मावशी एक दिवसाआड यायची. उंच, काटक बाई. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, मनगटभर हिरव्या बांगड्या आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती कधी पायरीवर बसली नाही. दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभी राहायची. भाव एकदा सांगितला की सांगितला. कुणी घासाघीस केली तर मूठभर करवंदं त्या बाईच्या ओच्यात फुकट टाकायची आणि मग पंधरा दिवस तिच्या दाराकडे फिरकायची नाही. त्यामुळे चाळीत तिच्याशी घासाघीस करणं लवकरच बंद झालं.

सोल्वीक म्हणजे काय, ते मी तिला एकदा सरळ विचारलं. ती म्हणाली, "माजं सासर."

धरणांची कामं चालू होती तेव्हाची ही हकिकत. वलवणला दगडाची भिंत चढत होती आणि घाटाखाली पाणी नेणारे लोखंडी पाईप बसवायला परदेशातून माणसं आली होती. त्यांत नॉर्वेचा एक तरुण होता. त्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला 'पायपाचा सायेब' म्हणत. चिमा तेव्हा भिंतीवर घमेली वाहायची. पुढचं तिनं मला कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणायची, "त्यो मासं भाजायचा, मी भाकर द्यायची." चिमाचा बाप डोंगरातल्या त्यांच्या वाडीचा कर्ता माणूस. त्यानं साहेबाला बोलावून सांगितलं, पोरगी न्यायची तर हळद लावून ने आणि वाडीला जेवण घाल. साहेबानं दोन्ही केलं. मुंडावळ्या बांधून भर उन्हात बसल्यामुळे त्याचं नाक सोलून निघालं होतं, हे सांगताना मावशी पन्नाशीतही पदर तोंडाला लावून हसायची.

मुलगा झाला, त्याचं नाव हरी ठेवलं. मग तिकडे पहिली लढाई पेटली, इकडचं काम संपलं आणि साहेब घरी निघाला. आईला बघून परत येतो म्हणाला. पुढे त्याच्या एका सोबत्यानं जाता जाता निरोप दिला, की तो घरी पोचला, पण तिथून अमेरिकेला जायच्या गोष्टी करत होता. त्यानंतर काही नाही. वाडीतल्या लोकांनी वर्ष-दोन वर्षं वाट बघितली आणि मग विषय सोडून दिला. मावशीनं सोडला नाही. कुणी टोचून बोललं की म्हणायची, "गेल्याला बारा गावं, ऱ्हायल्याला येकच उंबरा. त्याला वाट सापडायला येळ लागनारच."

आमच्या चाळीतल्या बायकांना मात्र एका गोष्टीचा निकाल हवा होता. या बाईला सवाष्ण म्हणायचं की नाही? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती नेमकी दारात आली आणि आतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी करंडा घेऊन पुढे झाले आणि तिला कुंकू लावलं. माझं धैर्य वगैरे काही नव्हतं. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला वगळायचं कसं, हेच मला सुचलं नाही. तेवढ्यात शेजारच्या गोदाक्कांना थट्टा सुचली. त्या म्हणाल्या, कुंकू घेतलंस तर नावही घे.

मावशीनं टोपलीकडे बघितलं. मला वाटलं, आता ही टोपली उचलून जाणार. पण तिनं पदर सावरला आणि खाली बघत, लग्नातल्या मुलीच्या सुरात म्हणाली:

"दगडावर दगड, धरनाची भिंत,
सोल्वीक सासर माजं, मला न्हाई खंत;
हान्सरावांचा ल्योक, लाखातला हिरा,
नील्सरावांचं नाव घेते, वाट सोडा जरा."

बायका हसायच्या थांबल्या.  मागाहून कळलं, लग्नात उंबऱ्यावर घेतलेला हा उखाणा तिनं त्यानंतर कधीच घेतला नव्हता. वाडीतल्या बायकांनी संकोचानं तिला नाव घ्यायला सांगणंच सोडलं होतं.

हे मी हरीला सांगितलं तेव्हा त्यानं ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. हरी रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होता. घारे डोळे, तांबूस केस आणि बोली अस्सल मावळी. शेडमध्ये त्याला 'हरीसाहेब' म्हणून चिडवत आणि त्यालाही आता त्याची सवय झाली होती. पण त्याच्या नावापुढे आजोबांचं नाव लागलं होतं, कारण बापाचं नाव त्याला माहीतच नव्हतं; वाडीतही ते कुणाच्या लक्षात उरलं नव्हतं. आईला विचारून तो थकला होता. ती म्हणे, "नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. त्यो तितं एकला हाय, त्याला कशाला धोका?" उखाण्यात तरी सांग म्हटलं, तर लेकासमोर कुणी उखाणा घेतं काय, म्हणून त्यालाच रागवायची. ज्या नावानं नवऱ्याचा तपास लागला असता, ते नाव ती नवऱ्याच्या जिवासाठी पोटात धरून बसली होती. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिच्या बाजूनं बघितलं तर तिचं बरोबरच होतं.

दुसरी लढाई सुरू झाली आणि मुंबईला लागलेल्या जहाजांवरचे खलाशी विश्रांतीला लोणावळ्यात येऊ लागले. एका दुपारी शाळेतून परतताना मला एका बंगल्याच्या फाटकातून मावशीनं हाक मारली. फाटकात एक म्हातारा गोरा उभा होता, जहाजावरचा सुतार. त्यानं मावशीचं मनगट धरलं होतं आणि तो पुन्हा पुन्हा सोल्वीक, सोल्वीक म्हणत होता. मावशी घाबरली नव्हती, पण तिला दुसरा शब्द येत नव्हता. त्याच्या मोडक्या इंग्रजीतून मला कळलं ते असं: सोल्वीक म्हणजे पाण्याकाठची चार घरं, आणि पलीकडच्या काठावर त्याचं आजोळ. या बाईला हे नाव कुठून कळलं?

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, नाव सांगा. मी मावशीकडे बघितलं. तिनं मान फिरवली. मग संक्रांतीला ऐकलेलं मीच सांगून टाकलं, हान्सचा मुलगा नील्स. सुतारानं डोकं खाजवलं. त्याच्या देशात जर्मन घुसले होते, त्याला स्वतःलाच घरी जायची सोय उरली नव्हती. पण त्याचं जहाज अमेरिकेला जायचं होतं. तिथल्या बंदरात त्यांच्या लोकांचं एक देऊळ आहे, सगळ्या देशाच्या बातम्या तिथं कळतात, तिथं विचारीन म्हणाला. घरी येताना मावशी मला म्हणाली, "तुमी नाव घेतलंसा, मी न्हाई." मी हो म्हटलं.

वर्ष उलटलं. दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात सुतार पुन्हा आला. या वेळी तो पत्ता विचारत थेट आमच्या चाळीत आला. मी हरीला शेडमधून बोलावून घेतलं. सुतारानं टोपी गुडघ्यावर ठेवली आणि सांगितलं. नील्स पहिल्या लढाईतच अमेरिकेला गेला होता. इकडे परत यायच्या बोटभाड्याचे पैसे साठवायला दूर डोंगरात एका धरणावर लागला होता. माझी हिंदुस्थानात बायको आहे, मुलगा आहे, असं सगळ्यांना सांगायचा. लोकांना वाटायचं, थापा मारतो. मग ती तापाची जगभरची साथ आली, तो तिच्यात गेला आणि त्याला तिथंच पुरलं. ज्या माणसानं माती दिली, त्यालाच सुतार भेटून आला होता.

त्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. मावळातली घरंच्या घरं तिनं रिकामी केली होती. हरी तेव्हा चार-पाच वर्षांचा होता. म्हणजे ज्या माणसासाठी मावशी पंचवीस वर्षं कुंकू लावत होती, तो त्यातली बहुतेक सगळी वर्षं नव्हताच.

हरीनं हात पुसायचं फडकं घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "बाई, आयला सांगू नगा. तिच्या बांगड्या मी फोडनार न्हाई. तिला सवाष्णच जाऊ द्या." तो तिचा मुलगा होता आणि मी शेजारची. मी बरं म्हटलं. सुतारानं भाषा न कळताही मान डोलावली. जाताना चाळीच्या फाटकात त्याला मावशी भेटली. त्यानं टोपी काढली आणि तो निघून गेला.

महिनाभर मावशी आली नाही. पितृपंधरवडा लागला आणि ती आली, रिकाम्या हातानं. चौकटीला टेकली नाही. प्रथमच पायरीवर बसली. तिचा चेहरा उतरला होता. मी चहा पुढे केला, तो तिनं बाजूला ठेवला. म्हणाली, "त्या म्हाताऱ्यानं टोपी काडली. सायेब लोक मयताला टोपी काडत्यात, मी बगितलंय. हरी डोळं चुकीवतो. येकच सांगा बाई. कवा गेला?"

मी म्हटलं, हरीला विचारा.

"हरी न्हाई सांगनार. मी संक्रातीला नाव घेतलं, त्याच्या मागनं का?"

मला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं. हळदीकुंकवाला गोदाक्कांच्या थट्टेपायी तिनं उखाणा घेतला. त्या उखाण्यानं नवऱ्याचा जीव गेला, असं ही बाई महिनाभर मनात धरून बसली होती. कुंकू राखायला हरीनं जे लपवलं, ते तिला असं खात होतं. मी हरीला दिलेला शब्द तिथंच मोडला. मानमोडीत गेले, म्हटलं. हरी लहान असताना. परत यायलाच निघाले होते.

तिनं ऐकून घेतलं. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. "मानमोडीत? माजा बा बी त्यातच गेला." मग लांब श्वास सोडून म्हणाली, "म्हंजे मी न्हाई मारला."

मी नाही म्हटलं. मला रडू येत होतं. तिला येत नव्हतं. मी कुंकवाबद्दल, बांगड्यांबद्दल, हरीच्या मनाबद्दल काहीतरी बोलू लागले. तिनं मला थांबवलं. "कुंकवाचं काय घेऊन बसलासा? पंचवीस वर्सं त्याच्या नावानं कुनी पानी न्हाई दिलं. मी हितं कुंकू लावून बसले आन् त्यो तितं तान्हेला." मग ती उठली आणि चहा न घेताच गेली.

सर्वपित्रीला हरी मला बोलवायला आला. आईनं बोलावलंय एवढंच म्हणाला. माझ्यावर रागावला होता की सुटला होता, ते त्याच्या तोंडावरून कळेना. लढाईमुळे धरणावर पहारा होता, म्हणून अलीकडच्या खडकावरच सगळे जमले होते. मावशीचं कपाळ मोकळं होतं. तिनं स्वतःच्या हातानं पुसलं होतं. बांगड्याही फोडू दिल्या नव्हत्या. एकेक उतरवून पाण्यात सोडल्या. "त्यानं काय वंगाळ केलंय, त्याच्या बांगड्या फोडायला?" असं वाडीतल्या बायकांना तिनं सुनावल्याचं हरीच्या बायकोनं मला सांगितलं.

पानावर नाचणीची भाकरी, भात आणि धरणातला एक भाजलेला मासा होता. हरीनं तांब्यातून पाणी सोडलं. वाडीतल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, आता ज्याचं आहे त्याला नावानं बोलाव. हरी घुटमळला. जन्मात न वापरलेलं नाव त्याच्या तोंडून निघेना. तेव्हा मावशी पुढे झाली. पाण्याकडे तोंड करून, शेतातल्या माणसाला जेवायला हाक मारावी तशा आवाजात तिनं हाक मारली, "नील्स! ये. जेवून घे."

तिनं त्याला राव वगैरे काही लावलं नाही. पलीकडच्या भिंतीवरचा पहारेकरी इकडे वळून बघू लागला. पहिला कावळा आला तेव्हा मावशी हरीकडे बघत होती, पानाकडे नाही. हरी रडत होता आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्यानंतर तिचं बंगल्यांवरचं विचारणं संपलं. सवय झालेल्या त्या मडमेनं एकदा स्वतःहून विचारलं, आज सोल्वीक नाही का? मावशीनं जांभळं मापून दिली. आमच्याकडे मात्र तिचं बोलणं फार वाढलं. नील्सला आंबट लागायचं. नील्स पावसात भिजायचा, छत्री घ्यायचा नाही. नील्सला 'चिमा' नीट म्हणता यायचं, बाकी मराठी सगळी उलटी. इतकी वर्षं साठवलेलं नाव ती आता सढळ हातानं खर्च करत होती. चाळीतल्या बायका बिचकल्या. गोदाक्कांनी कानावर हात ठेवले. मला ते ऐकायला आवडायचं.

यजमानांची बदली झाली आणि आमचं सामान बांधून झालं, तेव्हा ती अळंबी घेऊन आली. परत भेट होणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं. पुढे दोन-तीन वर्षांतच ती गेल्याचं हरीनं कळवलं. पण त्या दिवशी ती मजेत होती, चौकटीला खांदा टेकवून उभी होती. निघताना मी तिला म्हटलं, मावशी, तेवढा एक उखाणा घ्या ना, लक्षात राहील.

ती हसली. म्हणाली, "उखाना कशाला आता? नील्स म्हनलं की झालं."