आईला आज धुपाचा वास आला

मंडळी, आज आमच्या देवरीच्या घरात फार बरं वाटलं, म्हणून लिहितेय.

मागच्या तापानंतर आईला कशाचाच वास येत नव्हता. फोडणी देतानाही ती मलाच विचारायची, "लसूण जळून तं नाही राहिला?"

सकाळी मी भावाने पाठवलेला परफ्यूम मनगटावर मारला. मिरी-लवंगेचा असा झणका, की मलाच शिंक आली. आईला काहीच कळलं नाही. दुपारी तिखटपणा उतरून दालचिनीचा गोडसर वास राहिला. तिने पुन्हा हुंगलं आणि नाही म्हणून मान हलवली.

संध्याकाळी मी तिची वेणी घालत होते. तोवर मसाला उडून राळेचा, धुपासारखा वास उरला होता.

"काऊन वं, धूप जाळून राहिली का?" आई म्हणाली.

"नाही आई, कोणीच नाही जाळला."

तिने माझा हात नाकाशी धरला, तो बराच वेळ सोडला नाही. मग उठून आमच्याकडच्या सुवासिक चिन्नोर तांदळाचा डबा उघडला आणि त्यात नाक घातलं.

"याचा नाही येऊन राहिला अजून," म्हणाली, पण हसत होती.

तुमच्या घरी कोणाला असा वास परत यायला लागला का? पहिल्यांदा कशाचा आला?