पंगतीचा ठेका

निंबदरीच्या जानरावाला देवाने दोन गोष्टी हात सैल सोडून दिल्या होत्या: डफडं वाजवणारे हात आणि रामीबाईसारखी बायको. बाकी सगळा आनंदच होता. जमीन नाही, अक्षरओळख नाही, अंगावर मांस म्हणाल तर तेही बेताचंच. पण म्हातारपणी, एकोणीसशे चाळीस-बेचाळीस सालाकडे, देवळाच्या ओट्यावर बसून तो आपल्या नशिबाचं असं काही कौतुक करायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं या माणसाला सरकारने जहागीरच लिहून दिली आहे. "मले काय कमी हाय, बापा? मले मंडळी भेटली," असं म्हणायचा.

आता ही मंडळी म्हणजे काय, तर मेडशीपासून दोन कोसांवरच्या या आडगावात, मातीच्या भिंती आणि कवेलूचं छप्पर असलेल्या एका खोलीत, म्हणजे त्यांच्या देवळात, दर इतवारी येशूच्या नावानं जमणारी दहा-बारा घरं. ती भांडायची, रुसायची, चटईवर पुढे कोण बसणार यावरून तोंडं फिरवायची. याच मंडळीनं जानरावावर सात वर्षं अन्याय केला होता, हे तो कधी सांगत नसे. ते रामीबाई सांगायची, आणि अगदी मीठमसाला लावून सांगायची.

जानरावाच्या घराण्याकडे गावाचं वाजवणं होतं. निंबदरीत डफड्याला जीभ होती म्हणा ना. मयताचा ठेका वेगळा, लग्नाचा वेगळा, दवंडीचा वेगळा, पोळ्याचा वेगळा. पंगत बसायची वेळ झाली की वाजवायचा ठेकाही वेगळा. तो कानावर पडला की पोरं खेळ टाकून, म्हातारी माणसं काठी शोधत, ताट-वाटी घेऊन निघालीच. वाजवणारा मात्र कायम मांडवाच्या बाहेर. लोकांचं जेवण उरकलं की त्याच्या पदरात वरून भाकर पडायची.

१९११ साली अशाच एका लग्नातून परतताना तो या खोलीशी थांबला. आत इंद्रभान मास्तर होते. मिशननं वाशीमहून पाठवलेला साधा माणूस. आठवडाभर पोरांना अक्षरं शिकवायचा आणि इतवारी उपासना घ्यायचा. मास्तर दारात आले आणि म्हणाले, "बाहेर काहून उभे? आत या."

जानरावाचं वय तेव्हा तिशीच्या आसपास. एवढ्या आयुष्यात त्याला 'वाजव' म्हणणारे शेकडो भेटले होते. 'आत या' म्हणणारा हा पहिलाच. तो आत गेला. सगळ्यांच्या चटईवर बसला, नंतर सगळ्यांच्या पंगतीला जेवला, आणि त्या दिवसापासून त्या खोलीचाच झाला.

पण बाप्तिस्म्याची वेळ आली आणि जगदेव आडवा आला. जगदेव मंडळीतला वडीलधारा. माणूस सरळ, शब्दाला पक्का, पण स्वभाव नारळासारखा, वरून तर वरून, आतूनही लवकर फुटेना. त्याचा बापही वाजवणाराच. एकदा पोळ्याच्या मिरवणुकीत ठेका चुकला म्हणून त्या बापाला जगदेवाच्या डोळ्यांदेखत चाबकानं मारलं होतं. त्या दिवसापासून डफड्याचा आवाज आला की जगदेव कानांवर हात ठेवायचा.

"ज्या डफड्यानं आपल्याले लोकाच्या दारात उभं केलं, ते देवळात नाई येनार," जगदेव म्हणाला. "गावातबी नाई वाजवाचं. डफडं पाह्यजे का मंडळी, बोल."

जानरावानं त्याच संध्याकाळी डफडं आढ्याला टांगलं. रामीबाईच्या अंगाची लाही लाही झाली. "हात तोडून मांगतले असते तं तेबी देले असते तुमी!" ती म्हणाली. पोळ्याला गावानं बोलावलं, तो गेला नाही. वाजवण्याबद्दल मिळणारा खळ्यावरचा धान्याचा वाटा बंद झाला. मग लोकांच्या वावरात निंदणं, खुरपणं, बांध घालणं, पडेल ते काम तो करू लागला.

आणि गंमत बघा. ज्या मंडळीनं वाजवणारा गप्प बसवला, तिला तालाचा पत्ता नव्हता. गाणी जगदेव सांगायचा. गळा त्याचा गोड, अगदी ऐकत राहावा असा, पण ताल म्हणाल तर पुढचा बैल वावरात पोचलेला आणि मागचा अजून गोठ्यातच. मागच्या चटईवर जानरावाची बोटं आपोआप गुडघ्यावर चालू लागायची. जगदेव वळून बघायचा. जानराव निमूटपणे दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचा. अशी सात वर्षं गेली. भाऊबंद म्हणायचे, "तिकडं तुले वाजवू देत नाईत, इकडं तू येत नाईस. ना घर का ना घाट का झाला तू." तो हसायचा आणि इतवारी धुतलेलं धोतर नेसून देवळात जायचा. कवेलू फुटलं तर चढून बदलायचा, रांजण भरायचा, सरपण आणून टाकायचा.

मग १९१८ साल आलं. पावसानं आधीच दगा दिला होता, ज्वारी गुडघाभर वाढून करपली होती. त्यात दिवाळीच्या सुमाराला मानमोडीची साथ आली. दुष्काळात तेरावा महिना. सकाळी मान दुखते म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी जमिनीखाली जायचा. इंद्रभान मास्तर चार दिवसांत गेले. जगदेवाचे दोन्ही तरणेताठे मुलगे एकाच दिवशी गेले. खड्डे जानरावानं खोदले. मुलांना ठेवलं तेव्हा जगदेव रडला नाही, पाठ फिरवून चालू लागला. त्यानंतर तो देवळात आला नाही. त्याचं पाहून बाकीचेही येईनासे झाले. मास्तर नाही, गाणं सांगणारा नाही. जाऊन करायचं काय?

जानराव मात्र जात राहिला. इतवार कोणता हे सांगणारं पंचांग मास्तरांबरोबरच गेलं होतं. तो मेडशीच्या बाजारावरून बोटांवर दिवस मोजायचा. दार उघडायचा, झाडायचा, रामीबाईला घेऊन रिकाम्या खोलीत बसायचा. वाचता येत नव्हतं. मास्तरांच्या प्रार्थनेतले आठवतील ते तुकडे जोडून म्हणायचा, आणि नाहीच आठवलं तर गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घ्यायचा. मग दार ओढून दोघं घरी यायची.

डिसेंबरात मालेगावकडे निघालेल्या एका वाटसरूनं वाशीमच्या पाद्रीसाहेबांचा निरोप आणला. नाताळाआधीच्या इतवारी साहेब येणार होते. निंबदरीची मंडळी उरली असेल तर नवा मास्तर मिळेल. उरली नसेल तर दार, खिडक्या आणि कवेलू काढून दुसऱ्या गावी न्यायचे, तिथे नवं देऊळ उभं राहत होतं. साहेबांचं काही चुकलं नव्हतं. माणूसच नसलेल्या खोलीचं छप्पर कुणासाठी ठेवायचं?

शनिवारी जानराव घरोघर फिरला. कुणी 'पाहू' म्हणालं, कुणी दार लोटून घेतलं. शेवटी तो जगदेवाच्या अंगणात उभा राहिला. जगदेवाची बायको चतुराबाई चुलीपाशी बसली होती. चूल थंड होती. दोन मुलं गेल्यापासून त्या घरात धड स्वयंपाक झाला नव्हता.

"दादा, उद्या साहेब येऊन राह्यले. तुमी नाई आले तं देऊळ जाते," जानराव म्हणाला.

"जाऊ दे," जगदेव म्हणाला. "तिथं येऊन कायचे उपकार मानू मी? सांग ना, कायचे?"

जानराव थोडा वेळ तिथेच उकिडवा बसला आणि घरी आला.

इतवारी उजाडताच त्यानं आढ्यावरचं गाठोडं खाली घेतलं. आता सात वर्षांत उंदरांनी कातडं ठेवलंय कशाला, असं म्हणत सोडतो तो काय, आत कडुलिंबाचा ताजा पाला! कातडं धड, काड्याही धड. रामीबाई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "दर उन्हाळ्यात उन्ह दाखवत होती मी त्याले. पाहून काय राह्यले? तापवा." जानरावाचे डोळे भरून आले. म्हणून सुरुवातीला म्हटलं, हात आणि बायको.

डफडं तापवून तो देवळाच्या ओट्यावर उभा राहिला आणि तिथे अडला. वाजवायचं काय? मयताचा ठेका ऐकून ऐकून गावाचे कान किटले होते. दवंडी सरकारची. लग्नाचा वाजवला तर लोक दगड मारतील. देवळात बोलावण्याचा ठेका त्याच्या बापजाद्यांनी कधी बसवलाच नव्हता. त्याला मास्तरांचं 'आत या' आठवलं, त्या दिवशीची पंगत आठवली, आणि हातांनी पंगतीचा ठेका धरला. सात वर्षं मांडीखाली दाबलेले हात ते! नुसते सुटले.

मनात त्याच्या एवढंच होतं, की मंडळीच्या माणसांनी ऐकावं आणि यावं. पण पंगतीचा ठेका निंबदरीत एकच गोष्ट सांगतो, आणि गाव दोन महिने अर्धपोटी होतं. आधी पोट्टे आले, ताटल्या वाजवत. मग वाट्या घेतलेल्या म्हाताऱ्या, मग काठी टेकत नुकतीच दुखण्यातून उठलेली माणसं. बघता बघता ओट्यासमोर शंभरेक माणूस रांगेनं मांडी घालून बसलं.

रामीबाई धावत आली. "आता यायले जेवाले काय घालता, डफडं?"

जानरावानं काड्या खाली ठेवल्या. करायला गेलो एक आणि झालं एक! पण आलेल्या माणसाला पंगतीतून उठवायचं कसं? रामीबाईनंच कंबर कसली. घरातली होती नव्हती ती ज्वारी तिनं आणली, भरडली, मोठ्या हंड्यात कण्या शिजायला टाकल्या. एवढ्यानं शंभर तोंडं भागणार नव्हती, हे तिलाही कळत होतं. तेवढ्यात चतुराबाई आली. पदराखाली तुरीच्या डाळीची दुरडी होती. "आमच्या घरी खानारं कोन राह्यलं?" एवढंच बोलून ती दुसऱ्या चुलीला बसली. ती बसलेली पाहून मंडळीतल्या बाकीच्या बायाही निघाल्या. कुणी पीठ आणलं, कुणी मिरच्या, कुणी नुसतंच सरपण.

साहेबांची बैलांची दमणी आली ती या गर्दीतच. साहेबांचं मराठी पुस्तकातलं, पण मन साफ. "केवढी मोठी मंडळी!" ते आनंदानं म्हणाले.

जानरावाला फक्त मान हलवायची होती. देऊळ वाचत होतं, मास्तर मिळत होता. त्याची मान हललीही असती, पण खोटं बोलून राखलेल्या छपराखाली बसवेल कसं, असं त्याला वाटलं.

"नाई, साहेब. हे जेवाले आले. म्या चुकून पंगतीचा ठेका वाजवला."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी नावांची वही उघडली. "मग मंडळीची माणसं किती?"

जानरावानं बोट मोडलं. "मी." दुसरं मोडलं. "रामी." तिसरं बोट तसंच राहिलं. चुलीपाशी बसलेल्या चतुराबाईकडे त्यानं पाहिलं. तिनं मान खाली घातली. नवऱ्याला टाकून तिचं, किंवा बाकीच्या बायांचं, नाव कसं घ्यायचं?

जगदेव तेव्हा गर्दीच्या कडेला उभा होता. डफडं ऐकून तो हातात काठी घेऊन निघाला होता, डफडंही फोडीन आणि डोकंही, असं म्हणत. आल्यावर पाहिलं तर त्याची बायको दोन महिन्यांनी चूल फुंकत होती आणि कुणाच्या तरी पोराला वाढत होती. काठी त्याच्या हातातच राहिली.

"माह्यं नाव काहून नाई घेऊन राह्यला बे?" तो ओरडला.

सगळे वळले. जगदेव पुढे आला. "लिव्हा, साहेब. जगदेव. बायको चतुरा. आन माह्ये दोन पोरं लिव्हा. ते बी इथलेच होते." साहेबांनी चौघांचीही नावं लिहिली. मग मागून आवाज येऊ लागले, माह्यं लिव्हा, आमचं लिव्हा. वहीचं पान भरलं, आणि साहेबांनी दाराकडे किंवा कवेलूंकडे पुन्हा पाहिलंच नाही.

उपासना तिथेच उघड्यावर झाली. जगदेवानं गाणं उचललं, पण दुसऱ्याच ओळीला तो थांबला. जानरावानं काडी हलकेच टेकवली, ठेका अगदी सावकाश केला, आणि जगदेवाला पुन्हा सूर सापडेपर्यंत तसाच धरून ठेवला. जगदेव गाणं शेवटापर्यंत म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तालात.

मग पंगत झाली. कण्या पातळ होत्या, वरण त्याहून पातळ, भाकर चतकोरच, पण कुणी उपाशी उठलं नाही. सगळ्यांत शेवटी जानराव आणि जगदेव शेजारी शेजारी बसले.

"सात वर्सं म्या तुले वाजवू देलं नाई," जगदेव म्हणाला. "मंग तू इथं कायले येत होता?"

जानरावाला प्रश्नच नीट कळला नाही. इतकी साधी गोष्ट या शहाण्या माणसाला कशी ठाऊक नाही, असं त्याला वाटलं.

"तुमी इथं होते ना, दादा," तो म्हणाला.

जगदेवानं आपल्या भाकरीचे दोन तुकडे केले, मोठा तुकडा जानरावाच्या ताटात ठेवला, आणि मुलगे गेल्यापासून पहिल्यांदा, त्या ताटावर वाकून, ओक्साबोक्शी रडला. जानराव त्याला खेटून बसला होता, तो तसाच बसून राहिला.