बिनवासाचा पुदिना

सकाळची प्रार्थना झाली की मी रोजच्या वहीत चार ओळी लिहिते. गेल्या काही महिन्यांत त्या वहीची निम्मी पानं पुदिन्याने खाल्ली. देवाचं नाव घेऊन लिहायला बसावं आणि पहिलीच ओळ यावी, ‘आज पुन्हा पुदिना गेला’. चिडचिड होणार नाही तर काय!

पुदिना वन्संचा. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात, आणि एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करतात. करत होत्या, असं लिहायला हवं. पातेल्यावरचं झाकणही न उचलता, नुसत्या वाफेवरून ‘कांदा अजून कच्चा आहे’ सांगणारी बाई. हाताखालच्या बायका त्यांना ‘नाकवाली’ म्हणायच्या. वन्सं वरवर रागवायच्या, पण ते नाव घरी येऊन आम्हाला सांगायच्याही त्याच.

मग त्यांना ताप आला. जाताना तो त्यांचं नाक घेऊन गेला, कसलाच वास येईना. कँटीनमध्ये दूध तळाला लागलं, करपलं, आणि वन्सं शांतपणे ढवळत राहिल्या. त्या दुधाचा चहा साऱ्या पाळीला गेला. मॅनेजर ओरडला नाही. “बाई, थोडे दिवस काउंटरवर ताटं द्या,” एवढंच म्हणाला.

“ओरडला असता तर बरं होतं,” वन्सं घरी येऊन म्हणाल्या. “भांडता तरी आलं असतं.”

डॉक्टरांनी सांगितलं, ओळखीचा एखादा उग्र वास रोज सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन घ्या, नाक हळूहळू शिकेल. वन्संनी पुदिना निवडला. बाजारातली जुडी दुसऱ्या दिवशी काळी पडते, म्हणून तो घरीच लावायचा ठरला. पुदिना काय, कुठेही येतो, असं सगळे म्हणतात. सगळ्यांनी एकदा आमच्या घरी येऊन बघावं.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला समोरच्या इमारतीची भिंत चिकटून. ऊन तिथे पाहुण्यासारखं येतं, पाणी पिऊन जातं. पहिल्या खेपेला वन्संनी काड्या पेल्यात ठेवल्या, मुळं फुटल्यावर कुंडीत लावल्या. सकाळी त्या पाणी घालायच्या. त्या कामाला गेल्या की सासूबाई घालायच्या, बिचारी कुंडी कोरडी राहिली असेल म्हणून. संध्याकाळी आमचे हे घालायचे, कारण बायकांच्या लक्षात राहत नाही! मुळं कुजली. दुसऱ्या खेपेला पांढरे किडे पडले. तिसऱ्यांदा नुसत्याच लांब काड्या, टोकाला दोन पानं. मग ह्यांनी कुठूनसं खत आणलं आणि पुडीवर लिहिलंय त्याच्या दुप्पट घातलं. आणि चौथ्या खेपेचा पुदिना जो माजला, की विचारू नका. तळहाताएवढी पानं! रंग मात्र फिका, हिरव्यात पाणी घातल्यासारखा.

वन्सं रोज सकाळी एक पान चुरगळायच्या, नाकाशी धरायच्या, डोळे मिटून उभ्या राहायच्या.

“काय ताई, आला?” हे विचारायचे.

“नाही रे. तुला येतो का तिथपर्यंत?”

“अगं, इथपर्यंत काय, जिन्यापर्यंत जात असेल! घमघमाट सुटलाय नुसता.”

“माझे तर डोळे झोंबले,” सासूबाई म्हणायच्या.

मी एकदा ते पान हुंगलं होतं. गवत. ओलं गवत. ह्यांना आत बोलावून विचारलं तर म्हणाले, “मलाही कुठे येतोय? पण तिला सांगून काय करायचंय? उमेद जाईल तिची. तू गप्प बस.” मी गप्प बसले. उघड खोटं बोलायला जीभ वळेना, म्हणून मला विचारलं की म्हणायचे, “पान कसं लुसलुशीत आहे हो.” देवापुढे बसले की हे वाक्य टोचायचं, आणि उठले की पुन्हा तेच म्हणायचे.

आणि मग गेल्या महिन्यात वन्सं कामावरून आल्या, पर्स खुंटीला लावली आणि सहज सांगावं तसं म्हणाल्या, “मॅनेजरला सांगून टाकलं. शेगडी माझ्या जागी आलेल्या त्या नव्या बाईला कायमची द्या. एवढा उग्र पुदिना नाकात कोंबून मला काही कळत नाही, तर आता काय कळणार?”

ह्यांचा घास हातातच राहिला. माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. तेव्हा तरी कुणी तोंड उघडावं! सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे गं, ताटं देण्यातही मान आहे.” झालं.

गेल्या आठवड्यात, बुधवारी सकाळी वन्सं कामाला निघाल्या आणि अर्ध्या जिन्यावरून धाडधाड परत आल्या. चपला न काढता तडक खिडकीशी. पान तोडलं, चुरगळलं, हुंगलं. दुसरं तोडलं. मग मूठभर तोडून आमच्यापुढे टेबलावर टाकलं.

“जिना पुसणारीने फिनेल ओतलंय. मला वास आला. अगदी बारीक, पण आला. आणि याचा येत नाही. आता खरं सांगा. याला वास आहे का?”

“अगं ताई, असं बघ...” ह्यांनी सुरुवात केली.

“बघ नको. हुंग.”

ह्यांनी हुंगलं आणि मान खाली घातली. सासूबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “तुला धीर यावा म्हणून गं...”

“आई, मला धीर नको होता. वास हवा होता!” वन्संचा आवाज चिरकला. “नाक माझं गेलंय, तुमचं नाही. तुमच्या भरवशावर मी रोज उभी राहत होते इथे, मठ्ठासारखी. शेगडी देऊन बसले मी!” मग माझ्याकडे वळल्या. “आणि तू गं! तू कधी वास म्हणालीच नाहीस. लुसलुशीत म्हणायचीस. मला वाटलं, साधी आहे. चांगली पोचलेली आहेस.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर तेही त्यांना पटलं नाही. “रडू नकोस. माझी रडायची पाळी आहे.”

संध्याकाळी सांगितलं त्यांनी. मॅनेजर म्हणाला, नव्या बाईला आता कसं काढू? तरी पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी कँटीनच्या स्वयंपाकघरात या, डोळे मिटून पातेली ओळखा, मग बघू. ‘मग बघू’ म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना कळतं.

ह्यांनी कुंडी गच्चीवर उन्हात नेऊन ठेवली. वन्संनी जाऊन सगळ्या काड्या बुडापासून कापल्या, आणि खाली येऊन बजावलं, “कुंडीला हात लावाल तर याद राखा. पाणी मी घालीन. कोमेजली तर माझी मी कोमेजवीन.” कापल्या बुंध्यांना उन्हात आठवड्याभरात बारीक फुटवे आले, गडद, खरबरीत.

काल गुरुवार, मॅनेजरच्या परीक्षेचा आदला दिवस. माझा जप संपायची वाट बघत वन्सं दारात उभ्या.

“ऊठ. वाट्या मांड. त्या दोघांना बोलवू नकोस, ते पास करून टाकतील मला.”

मी त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. कॉफी. लगेच ओळखली. कापलेला कांदा. थोडा वेळ लागला, पण ओळखला. सिरक्याला त्या साबण म्हणाल्या.

“चूक,” मी म्हटलं.

मग गच्चीवरचा फुटवा चुरगळून मी वाटीत ठेवला. माझ्या बोटांना वास लागला. असा की नाकापासून डोक्यापर्यंत थंड वाटावं. वाटी त्यांच्या नाकाखाली धरली. वन्संनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मान पुढे काढून, श्वास ओढून हुंगलं.

“रिकामी आहे,” त्या म्हणाल्या. “फसवतेस ना? रिकामी वाटी धरलीस.”

हो म्हणणं किती सोपं होतं!

“रिकामी नाही, वन्सं. पुदिना आहे. वरचा, नवा.”

“आणि वास?”

“आहे. खूप आहे.”

टॉवेलखाली त्यांचा ओठ हलला. रागावतील, वाटी भिरकावतील, असं मला वाटलं. मग त्यांनी टॉवेलची गाठ चाचपली आणि आणखी घट्ट केली.

“क्रम बदल,” म्हणाल्या. “पुन्हा धर.”